शिकवणीचा ग्रुप, मुलांचा नंबर: चार अ‍ॅप्सची नागपुरी पारख

ट्यूशनमध्ये नाव घातलं की फीची पावती हातात यायच्या आधी मुलाचा नंबर ग्रुपमध्ये पडतो. नंदनवन असो की त्रिमूर्तीनगर, आठवीचं गणित असो की नीटची बॅच, रीत तीच. त्या एका ग्रुपमागून आणखी चार-पाच उगवतात. सर नसलेला, फक्त मुलींचा, ढोल पथकाचा, गेमवाल्यांचा, आणि एक असा की ज्याचं नाव घरी कुणी काढत नाही. उन्हाळ्यात तर विचारूच नका. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर पारा पंचेचाळीसच्या आसपास, पोट्टे घरात, आणि गल्लीतली भांडणं, चिडवाचिडवी, सगळं फोनमध्ये.

व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड ही चार अ‍ॅप्स इथे एकाच कसोटीवर घासली आहेत. अ‍ॅप टाकल्यावर कुणी काहीच बदललं नाही, तर अनोळखी माणूस पहिल्याच दिवशी मुलापर्यंत किती पोचतो? त्यानंतर पाहिलं ते हे, की सेटिंग बदलल्यावर काय बंद होतं आणि सगळं बंद करूनही काय उघडं राहतं. या शेवटच्या प्रश्नावर जाहिराती गप्प असतात, म्हणून जास्त शब्द त्याच्यावर खर्च केले आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप: कुलूप मजबूत, दार उघडं

जास्त जागा याला, कारण शिकवणीचं सगळं कामकाज यावरच चालतं. वयाची अट १३ वर्षं. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणजे एखाद्या मोठ्या क्लासच्या सगळ्या बॅचेस एकाच ग्रुपमध्ये कोंबता येतात आणि तशा कोंबल्याही जातात.

मूळची मोठी चूक अशी, की ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं याचं उत्तर अ‍ॅपने आधीच 'एव्हरीवन' असं भरून ठेवलेलं असतं. ज्याच्याकडे नंबर आहे तो कुणीही मुलाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू शकतो. हे बदलायला सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स. तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडून लोक निश्चिंत होतात, पण शिकवणीतल्या मुलाने वर्गातले साठ नंबर सेव्ह केलेले असतात आणि त्या साठांपैकी प्रत्येकाला दार उघडंच राहतं. त्यापेक्षा 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडावं आणि वरच्या कोपऱ्यातल्या खुणेने सगळेच्या सगळे नंबर टिकमार्क करावेत. मग कुणी टाकायला गेलं तर त्याला फक्त खासगी आमंत्रण पाठवता येतं. ते तीन दिवसांत स्वीकारलं नाही तर आपोआप बाद होतं. एक खोच लक्षात ठेवायची. ही यादी त्या दिवसापुरती असते. नंतर सेव्ह केलेला नवा नंबर तिच्यात येत नाही, म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला ती पुन्हा भरावी लागते.

आता काय उघडं राहतं ते बघा. मुलाने स्वतः लिंक दाबली तर ही सेटिंग काहीच करू शकत नाही. 'फिजिक्सचे नोट्स पाहिजे तर जॉइन व्हा' अशी लिंक एका ग्रुपमधून दुसऱ्यात फिरते आणि आत गेल्यावर नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये टाकलं असेल तर कुणी टाकलं आणि ग्रुप कधी बनला, हे व्हॉट्सअ‍ॅप आता वरच दाखवतं. दोन दिवसांपूर्वी बनलेल्या ग्रुपमध्ये तीनशे माणसं आणि त्यात एकही ओळखीचा नाही, असं दिसलं की मुलाने एकही शब्द न लिहिता बाहेर पडावं.

ब्लॉकबद्दल मुलांचा हमखास गैरसमज असतो. ब्लॉक केलेला माणूस त्याच ग्रुपमध्ये असेल तर ग्रुपमधले त्याचे मेसेज मुलाला दिसत राहतात, आणि मुलाचे त्याला. ब्लॉक फक्त खासगी चॅट आणि कॉल थांबवतो. ग्रुप सोडणं हाच उपाय. २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. पण गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं याची यादी ग्रुपमधला कुणीही उघडून पाहू शकतो. चिडवणारी पोरं ही यादी बरोबर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी क्लासच्या पार्किंगमध्ये विचारतात, 'काहून बे, घाबरला का?' मुलाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पुढचं काम मीडिया ऑटो-डाउनलोडचं. सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडा. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्हींतल्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंटच्या टिका काढा. त्यानंतर चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. लोक हे डेटा वाचवायला करतात, पण खरं कारण कायद्याचं आहे. ग्रुपमध्ये कुणी अल्पवयीन मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र टाकलं, तर ऑटो-डाउनलोडमुळे ते ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत उतरतं, त्याने बोट लावलं नसलं तरी. गुगल फोटोजचा बॅकअप त्या फोल्डरला चालू असेल तर तिथून क्लाउडवर. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्याचं कलम १५ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब असं साहित्य बाळगणं, पाहणं, पसरवणं याबद्दल आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की असं साहित्य डिलीट न करता किंवा त्याची खबर न देता साठवून ठेवणं गुन्ह्यात मोडू शकतं. पंधरा वर्षांच्या पोराच्या फोनमध्ये हे आपोआप उतरू देण्यात काही अर्थ नाही.

उरलेल्या टिका पटापट. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू, कारण फसवणुकीचा व्हिडिओ कॉल अनोळखी नंबरवरूनच येतो. लिंक्ड डिव्हायसेस महिन्यातून एकदा उघडून बघा. चारपर्यंत उपकरणं जोडता येतात आणि फोन अर्धा मिनिट दुसऱ्याच्या हातात गेला तरी क्यूआर कोड स्कॅन होतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन टाका आणि त्याला आईबाबांचा ई-मेल जोडा. 'माझा कोड चुकून तुझ्याकडे आला, पाठव ना' हा मेसेज वर्गमित्राच्याच नंबरवरून येतो, कारण त्याचं खातं आधीच गेलेलं असतं. चोराने पिन लावला आणि ई-मेल जोडलेला नसला तर खातं परत मिळायला सात दिवस थांबावं लागतं. तोवर मुलाच्या नावाने ग्रुपमध्ये काय काय जाईल ते जाईल.

गुण द्यायचे तर पहिल्या दिवशी पाचपैकी दीड. एवढ्या टिका केल्यावर साडेतीन. पाचातला उरलेला दीड गुण नंबर सगळ्यांना दिसण्यात जातो आणि तो मुलाच्या फोनमधून मिळवता येत नाही. तो अ‍ॅडमिनच्या हातात आहे.

अ‍ॅडमिन सर, हे तुमच्यासाठी

क्लासवाले म्हणतात, ग्रुपमध्ये पोरं काय टाकतात त्याला आम्ही काय करणार. कायद्यापुरतं बोलायचं तर त्यांच्या बाजूने एक निकाल आहे आणि तो इथलाच, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं, की समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही. माणसं घेणं आणि काढणं एवढाच अ‍ॅडमिनचा अधिकार, मजकूर आधी तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, असा त्यामागचा विचार. पण २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली. निकालाचा आधार घेऊन हात झटकणाऱ्या सरांनी ही तारीखही ध्यानात ठेवावी. शिवाय मुलावर लैंगिक स्वरूपाचा गुन्हा होतोय हे कळूनही पोलिसांना न सांगणं हा पोक्सोखाली वेगळाच गुन्हा आहे. तिथे हा निकाल कामाला येत नाही.

आता मुद्द्याचं. दोनशे पोरापोरींचे नंबर एकमेकांपुढे उघडे टाकायची गरजच काय? सूचना, वेळापत्रक, टेस्टचे मार्क एवढंच पाठवायचं असेल तर ग्रुपऐवजी कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधणारी व्हॉट्सअ‍ॅपची सोय) बनवा आणि मुलांना तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्येच ठेवा. तिथे सदस्याचा नंबर फक्त कम्युनिटी अ‍ॅडमिनला आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केलाय त्यांना दिसतो. कम्युनिटीच्या आत वेगळा ग्रुप काढला की त्यात मात्र नंबर पुन्हा उघडे पडतात. इथे बरेच अ‍ॅडमिन गचकतात. हौसेने प्रत्येक विषयाचा उपग्रुप काढतात आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. एकतर्फी नोटिसांसाठी चॅनेलही चालतं. त्यात फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत आणि त्यांना अ‍ॅडमिनचा नंबरही दिसत नाही. पण चॅनेलला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मजकूर वाचता येऊ नये असं कुलूप) नसतं, म्हणून मुलांची नावं, मार्क किंवा फोटो त्यात टाकू नयेत.

ग्रुप ठेवायचाच असेल तर ग्रुप परमिशन्स उघडा. सेटिंग्ज बदलणं फक्त अ‍ॅडमिनकडे, सदस्य जोडणं फक्त अ‍ॅडमिनकडे, 'अप्रूव्ह न्यू मेंबर्स' चालू. यातली पहिली टिक सगळ्यांत दुर्लक्षित. ती सगळ्यांना खुली राहिली तर कुणीही ग्रुपचं नाव आणि फोटो बदलून एखाद्या पोरीची टिंगल मांडू शकतो. वर डिसअपिअरिंग मेसेज २४ तासांवर लावून पुरावाही आपोआप पुसला जाईल अशी व्यवस्था करू शकतो. इन्व्हाइट लिंक अ‍ॅडमिशनपुरती वापरा, अ‍ॅडमिशन संपली की 'रिसेट लिंक'. जुनी लिंक कुठल्या कुठल्या स्टेटसवर चिकटली असेल याचा नेम नाही.

रात्री दहाला 'सेंड मेसेजेस' फक्त अ‍ॅडमिनवर आणायचं, सकाळी सहाला खोलायचं. याला टायमर नाही, हातानेच करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण ग्रुपातली भांडणं बहुतेक याच वेळात पेटतात, कारण तेव्हा सर झोपलेले असतात. निदान दोन मोठी माणसं अ‍ॅडमिन असावीत आणि त्यातली एक बाई असावी. पोरीला जे सरांना सांगवत नाही ते मॅडमना सांगता येतं. मेसेज पुसायच्या आधी त्याचा वेळ आणि नंबर लिहून ठेवा. पुसल्यावर जागेवर 'अ‍ॅडमिनने डिलीट केला' एवढीच ओळ राहते.

एवढं सगळं करूनही पोरं 'सर नसलेला' ग्रुप काढतीलच. तो बंद पाडायच्या मागे लागू नये. अधिकृत ग्रुपमध्ये कडक शिस्त आणि बाजूला पोरांचा मोकळा कट्टा, हे वर्गातही चालतं, फोनमध्येही चालेल. त्या कट्ट्यावर काय घडलं तर कुणाकडे यायचं, एवढं मात्र मुलांना नावानिशी सांगितलेलं हवं.

इन्स्टाग्राम: पहिल्या दिवशी सगळ्यांत पुढे, वय खरं असेल तर

भारतात फेब्रुवारी २०२५ पासून टीन अकाउंट आलं आणि या कसोटीवर ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी पुढे आहे. खातं सुरुवातीपासूनच प्रायव्हेट. मूल ज्याला फॉलो करत नाही किंवा ज्याच्याशी जोडलेलं नाही, तो त्याला मेसेज करू शकत नाही, ग्रुप चॅटमध्येही टाकू शकत नाही. रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. दिवसाला ६० मिनिटांनंतर आठवण. १६ वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर आईबाबांची परवानगी लागते. सुपरव्हिजन, म्हणजे पालकांची देखरेख, जोडलं की गेल्या सात दिवसांत मुलाने कुणाकुणाशी बोलणं केलं ते दिसतं. काय बोललं ते दिसत नाही, आणि तेच बरोबर आहे.

बिघडतं कुठे? जन्मतारखेत. बहुतेक घरांत खातं मुलाने दहाव्या-अकराव्या वर्षीच उघडलेलं असतं, काकाच्या नाहीतर ताईच्या जन्मतारखेवर. अ‍ॅपच्या लेखी ते मूल पंचवीस वर्षांचं, त्यामुळे वरचं एकही कुलूप त्याला लागत नाही. अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्समध्ये तारीख दिसते. पहिल्यांदा तीच बघा, बाकी सगळं नंतर.

'हिडन वर्ड्स' हे नको ते शब्द असलेले मेसेज लपवणारं फिल्टर चांगलं आहे, पण रोमन लिपीतल्या मराठी-वऱ्हाडी शिव्या त्याला आपोआप कळतील असं धरू नका. आपल्या शब्दांची यादी स्वतः भरावी लागते, एकाच शिवीची तीन-चार स्पेलिंग्ज धरून. हे काम मुलासोबत बसून करायचं झालं तर शिव्यांचं आपलं ज्ञान किती मागे पडलंय तेही कळतं.

गुण साडेतीन, तारीख खरी असेल तर. खोटी असेल तर एक.

डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम

गेम खेळणाऱ्या पोरांचा अड्डा म्हणजे डिस्कॉर्ड. वयाची अट १३. इथे नंबर कुणाला दिसत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण सर्व्हरमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रुपमध्ये, शिरलं की त्यातला अनोळखी माणूस थेट मेसेज करू शकतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सदस्यांकडून येणारे डायरेक्ट मेसेज बंद करायचे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या फॅमिली सेंटर या पालकांसाठीच्या सोयीमध्ये मुलाच्या फोनवरचा क्यूआर कोड पालकाने स्कॅन केला की नवे मित्र, सर्व्हर आणि कुणाशी बोलणं झालं याची आठवड्याची नोंद ई-मेलने येते. मजकूर तिथेही दिसत नाही.

कॉलेजातलं कुणी सर्व्हर चालवत असेल तर व्हेरिफिकेशन निदान 'हाय' पातळीवर ठेवावं. आत आल्यावर दहा मिनिटं थांबल्याशिवाय बोलता येत नाही, आणि तेवढ्याने नुसता गोंधळ घालायला आलेली बरीच टोळकी परत फिरतात. ऑटोमॉड या आपोआप मेसेज अडवणाऱ्या सोयीत आपली शब्दयादी टाकताना शब्दाच्या दोन्ही टोकांना तारांकन द्यावं, म्हणजे 'च्या', 'ला' लागून आलेली रूपंही सापडतात. मराठीत हे नाही केलं तर यादीचा काही उपयोग होत नाही. गुण तीन.

टेलिग्राम शाळकरी मुलासाठी नकोच, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं, ग्रुप चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही, आणि पाठवणारा आपला मेसेज कधीही दोन्ही बाजूंनी पुसू शकतो. म्हणजे त्रास देणारा पुरावाही सोबत घेऊन जातो. फुकट पीडीएफ आणि 'लीक पेपर'साठी मुलं तिथे जातात आणि 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा'च्या जाळ्यात सापडतात. सुरुवातीला शंभर-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात. मग पुढच्या टास्कसाठी आधी पैसे भरा, नाहीतर 'तुझं खातं थोडे दिवस वापरू दे'. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराचं दार ठोठावतात. ठेवायचंच असेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये फोन नंबर 'नोबडी'वर, नंबरवरून शोधणं 'माय कॉन्टॅक्ट्स'वर, ग्रुपमध्ये टाकणं 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. गुण एक.

पालकांच्या हातातलं

फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅप फुकट आहे आणि त्याचं काम त्याच्या मर्यादेत चोख. कोणतं अ‍ॅप टाकायचं, किती वेळ, रात्री फोन कधी बंद, हे त्यातून ठरतं. चॅटमध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही, हे बऱ्याच पालकांना टाकल्यावर कळतं आणि मग त्यांची निराशा होते. व्हॉट्सअ‍ॅपची वेळ संपली की क्लासची सूचनाही अडकते, म्हणून संध्याकाळची दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवावीत. एकच व्हॉट्सअ‍ॅप तपासून समाधान मानू नका. शाओमीत 'ड्युअल अ‍ॅप्स', विवोत 'अ‍ॅप क्लोन', सॅमसंगमध्ये 'ड्युअल मेसेंजर' या नावाने दुसरं व्हॉट्सअ‍ॅप चालतं. व्हॉट्सअ‍ॅपच्याच आत दुसरं खातंही ठेवता येतं. चॅट लॉकला सीक्रेट कोड लावला तर लपवलेल्या चॅट्स यादीत दिसतच नाहीत, शोधाच्या चौकटीत कोड टाकल्यावरच उघडतात.

हे वाचून मुलाचा फोन झडतीला घेऊ नका. आणि चोरून सगळे मेसेज दाखवणारं अ‍ॅप टाकायचं तर मुळीच मनात आणू नका. त्यासाठी प्ले स्टोअरबाहेरची फाइल टाकावी लागते, प्ले प्रोटेक्ट ही गुगलची सुरक्षा-तपासणी बंद करावी लागते, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. मुलाचे सगळे मेसेज आणि फोटो मग कुठल्या सर्व्हरवर जातात, त्याचा पत्ता टाकून देणाऱ्यालाही नसतो. एका अनोळखी माणसापासून वाचवायला दुसऱ्या अनोळखी माणसाला घरात घेण्यासारखं ते आहे.

मुलांना शिकवायचं ते एकच वाक्य ओळखायला, 'पर्सनलवर ये'. ग्रुपमध्ये शंभर डोळे असतात, म्हणून बिघाड बहुतेक वेळा ग्रुपमध्ये होत नाही. ग्रुप नुसता निवडायच्या कामाचा. कोण एकटं पडतं, कोण रात्री जागं असतं, कुणाचं घरी भांडण झालंय, हे तिथे कळतं. पुढचं सगळं खासगी चॅटमध्ये आणि दुसऱ्या अ‍ॅपवर. अ‍ॅप बदलायची घाई करणारा, वय विचारून लगेच फोटो मागणारा, 'घरी सांगू नको' म्हणणारा, यांपैकी एकही खूण दिसली तर बोलणं तिथेच थांबवायचं.

घडलंच तर कुठे जायचं

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि लगेच. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार नोंदली तर तो रोखता येतो. फोन करताना यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक समोर ठेवा, त्याच्यासाठीच सगळे अडतात. मूल अडचणीत असेल तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत). ऑनलाइन तक्रारीला सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन. या पोर्टलवर महिला आणि बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते, ही सोय खरोखर चांगली. पण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही, म्हणून पाठपुरावा करायचा असेल तर नाव देऊन नोंदवा.

स्वतः जायचं तर जवळचं पोलीस ठाणंही चालतं. 'आमच्या हद्दीत नाही' म्हटलं तर शून्य एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे आणि तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं वेगळं आहे, आणि पोरीला ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर पोलिसांचाच महिला आणि मुलांच्या मदतीसाठीचा भरोसा सेल आहे.

जाताना काय न्यायचं? नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, ग्रुपची सदस्ययादी, आणि मीडियाशिवाय एक्सपोर्ट केलेलं चॅट. ग्रुपात अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू असेल तर एक्सपोर्ट होणार नाही, मग स्क्रीनशॉटवरच भागवा. हे झाल्यावरच व्हॉट्सअ‍ॅपला रिपोर्ट करा. रिपोर्टसोबत शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि समोरच्याला कळत नाही. पण ग्रुप सोडायची आणि चॅट पुसायची टिक त्याच खिडकीत असते, ती आधी काढा.

मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र असेल तर हा नियम उलटा. स्क्रीनशॉट नाही, 'पुरावा म्हणून' मावशीला पाठवणं नाही, सरांना फॉरवर्ड नाही. प्रत्येक फॉरवर्ड हा नवा गुन्हा होऊ शकतो. वेळ, नंबर आणि ग्रुपचं नाव कागदावर लिहा आणि फोनच पोलिसांकडे न्या. चित्र मुलाचं स्वतःचं असेल आणि ते पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही सेवा आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी, फुकट. चित्र फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या तो आपल्याकडे जुळवून बघतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्टेड चॅटमध्ये ती पोचत नाही, इन्स्टाग्राम-फेसबुकवर पोचते.

एक चूक घराघरात होते. प्रकार कळला की आधी पोराच्या कानाखाली, मग फोन हिसकावून सीताबर्डीच्या एखाद्या मोबाइल दुकानात, 'फॉरमॅट मारून द्या'. बाकीच्यांच्या फोनमधलं काहीच पुसलं जात नाही, आणि त्रास देणाऱ्याविरुद्ध जे चॅट होतं तेवढं मात्र जातं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, चार्जिंगला लावा, आणि ठाण्यात जाईपर्यंत कपाटात ठेवा.